बत्तीसचा भाव

कॅनडा कॉर्नरला पारखांच्या काउंटरवर
काचेमागे डॉलर, दिरहम, रियाल,
आणि कॅनडाचाही डॉलर, निदान चौकाच्या नावाला जागून.
सोम म्हणालो तर पोरगा म्हणाला, "सोमवारी या."
लारी म्हणालो तर त्यानं
रस्त्यापलीकडच्या भज्यांच्या गाडीकडे बोट केलं.

छत्तीस वर्षं मी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
कोऱ्या नोटांचे ताव तपासले.
शाई फाकलेली, आकडा सरकलेला, तार हुकलेली,
बोटांना आधी कळायचं, डोळ्यांना मागून.
आणि रोज संध्याकाळी फाटकावर
खिसे उलटे करून दाखवायचे,
मग सायकलवर जेलरोडला घरी.
पैसा म्हणजे काय ते मला विचारू नका.
मला कागद कळतो.

जुईनं बिश्केकहून येताना आणले
सहा हजार चारशे पन्नास सोम.
दोन वर्षं सोपी गेली आम्हाला.
सोम म्हणजे जवळजवळ रुपयाच,
मेसचे पाच हजार म्हणजे पाच हजार,
जणू पोरगी सिन्नरलाच शिकते आहे.
आता ती तिबिलिसीला निघाली. कॉलेज बदललं.
का बदललं असं कोणी विचारलं
की आम्ही तिथली थंडी सांगतो.

बोरस्त्यांचा मुलगा उलटा चाललाय,
तिबिलिसीहून बिश्केकला.
"फी झेपेना," ते फोनवर म्हणाले.
ओझरला ठिबकच्या नळ्यांचं दुकान त्यांचं.
त्यांच्याकडे पन्नास लारीच्या चार नोटा.
दोघांचे नंबर एजंटनंच जुळवून दिले.

मिसळीच्या टेबलावर बाजार मांडला.
कायद्यात हे कुठं बसतं ते जाऊ द्या.
सोमाचा डॉलर, डॉलरचा रुपया, रुपयाची लारी,
प्रत्येक उंबऱ्यावर कोणीतरी चिमूट काढून घेतं,
चौथ्या घरी पोचेतो ताटात काय राहणार?
म्हणून मधली माणसं उठवली.
मी म्हणालो तीस. ते म्हणाले चौतीस.
वेटरनं पाव ठेवेपर्यंत बत्तीस झाले.
त्या सकाळी अख्ख्या जिल्ह्यात
सोम-लारीचा भाव आम्हीच काढला,
आणि कुठं पान हललं नाही.

रश्श्याची वाटी लांब सारून
नोटा मी उजेडाला धरल्या. सवय.
लारीवरची अक्षरं वेलीच्या तणाव्यांसारखी.
"ही लिपी आमच्या बागेतनं गेलेली दिसतीय,"
बोरस्ते म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.
पन्नास सोमच्या नोटेवर एक बाई,
डोक्याला पांढरं पागोटं,
नजर अशी, की सुट्टे मागायची हिंमत होऊ नये.
सहा हजार चारशे दिले, दोनशे लारी घेतल्या.
पागोटंवाली उरली.
ते घेईनात, मी ठेवीना.

पैसे बरोबर होते.
तरी बोटांना काहीतरी लागत होतं,
ताव पुढं सोडताना लागायचं तसं.

पार्किंगमध्ये म्हणालो,
"त्याला वरच्या मजल्यावर खोली घ्यायला सांगा.
मे महिन्यात एका रात्री खालची दारं फोडली लोकांनी.
जुई पहाटेपर्यंत अंधारात बसून होती,
फोनचा आवाज बंद करून."
बोरस्ते हेल्मेटचा पट्टा लावत होते.
लावतच राहिले.
मग म्हणाले, "फी झेपत होती हो.
घरमालकानं पासपोर्ट ठेवून घेतला होता त्याचा,
तीन महिने. आम्हाला नंतर कळलं.
पोरीला सांगा, कोणाच्या हातात द्यायचा नाही."
ते निळं पुस्तक
आमच्या शेजारच्याच प्रेसमध्ये छापतात.

पन्नासची नोट मी त्यांच्या वरच्या खिशात सरकवली.
"उतरल्यावरचा पहिला चहा," म्हणालो.
त्यांनी काढून परत दिली नाही.

बाहेर पडताना, फाटकाशी,
माझा हात आपोआप खिशाकडे गेला
उलटा करून दाखवायला.
तिथं उसाच्या रसवाल्याशिवाय कोणी नव्हतं.